तीन कांड्यांची ओल

"मग भिंत तडकलीच कशी, अप्पा?"

हा प्रश्न मकरंदने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. पहिल्यांदा हात जोडून, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून, आणि आता तर भांडायला आल्यासारखा.

वीरभद्रअप्पा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"तहानली असेल," ते म्हणाले.

मकरंदने कपाळाला हात लावला. माणसाने सिमेंटबद्दल विचारावं आणि उत्तर मोक्षाबद्दल यावं, याचा त्याला गेल्या महिन्याभरात वीट आला होता.

"अप्पा, आत्ता मला अध्यात्म नको आहे. मी साधं विचारतोय."

"मीही साधंच सांगतोय."

"पण ओल शहाण्णव टक्के आहे! हे बघा." त्याने मांडीवरचा लॅपटॉप फिरवून अप्पांच्या पुढ्यात, टरफलांच्या ढिगाशेजारी ठेवला. पडद्यावर एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरळ गेली होती. "तेरा दिवस झाले, एक टक्काही खाली आलेली नाही. आणि ही लाल रेघ आकसण्याची. केसाइतकंसुद्धा आकसलेलं नाही. मग तडा जाईलच कसा?"

अप्पांनी रेघ पाहिली.

"ही भिंतीची आहे?"

"भिंतीच्याच मालाची आहे. तेच सिमेंट, तीच वाळू, एकाच पाटीतला माल. ऊन तेच, वारा तोच. नमुना आणि भिंत यांत काडीचा फरक नाही."

"मग नमुना तडकला?"

"नाही ना! तेच तर म्हणतोय."

"भिंत तडकली?"

"हो."

"मग फरक आहे," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

सिमेंटवर संशोधन करणारा मकरंद कुलथे पुण्याहून धामणदरीच्या मठात आला तो दोन गोष्टी घेऊन. एक म्हणजे सेन्सरचं खोकं, आणि दुसरी म्हणजे अप्पांकडून उपदेश घ्यायची इच्छा. यातलं जड काय होतं हे सांगणं अवघड आहे. खोकं निदान उतरवून ठेवता येत होतं.

उपदेशाचं नाव काढताच अप्पा म्हणाले होते, "आधी टाकं नीट कर. मग बोलू."

टाकं मठाच्या मागे होतं. जुनं, दगडी, वीस हात लांब, बारा हात रुंद आणि पुरुषभर खोल. चैत्रात टेकडीखालच्या कालव्याला तीन दिवस पाणी सुटतं. त्या तीन दिवसांत पंप लावून पाणी वर चढवायचं आणि टाक्यात भरून ठेवायचं, की वाडीतल्या साठ घरांचा उन्हाळा निघतो. पण टाक्याचे सांधे गेले होते. गेल्या वर्षी काठोकाठ भरलेलं टाकं आठ दिवसांत रिकामं झालं, आणि बायकांनी पुढचे दोन महिने टेकडीमागच्या झऱ्यावरून घागरी वाहिल्या. झराही कसला, वैशाखात एक घागर भरायला पाव तास लागायचा.

मकरंदला हे ऐकून खरोखर वाईट वाटलं होतं. वाडीच्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "बायांनो, गिलाव्यावर पंधरा-पंधरा दिवस पाणी मारायचं ही जुनी पद्धत झाली. मी मालात एक पूड घालतो. ती ओल धरून ठेवते. तीन दिवस भिंत ओली ठेवायची, बस्स. त्यानंतर तुमच्याकडे मी एक घागरही मागणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की मकरंदची मान आपोआप ताठ व्हायची.

पद्धत सोपी होती. भिंतीला लावलेल्या मालातूनच त्याने तीन कांड्या ओतल्या, वीतभराहून जरा लांब, अंगठ्याएवढ्या जाड. प्रत्येकीच्या पोटात एक सेन्सर होता. तो आतली ओल मोजायचा, आणि कांडी किती आकसली तेही सांगायचा. कांड्या टाक्याजवळच्या करंजाखाली एका पाटावर मांडल्या होत्या, त्यांच्या तारा खोक्यात गेल्या होत्या, आणि खोक्यातला आकडा थेट मकरंदच्या खोलीत लॅपटॉपवर उमटत होता. आकडा ऐंशीच्या खाली आला तर भिंतीवर पाणी मारायचं. वर असेल तर नाही.

आकडा कधी खाली आलाच नाही.

गवंडी मौलाभाई रोज संध्याकाळी विचारायचे, "साहेब, दोन बादल्या मारू का?"

"नको. शहाण्णव आहे."

"शहाण्णव हाय, पर भिंत पांढरी पडलीय."

"वरून पडली असेल. आत ओल आहे."

मौलाभाई भिंतीकडे बघायचे, मग साहेबाकडे, आणि बादली उपडी करून तिच्यावर बसून विडी ओढायचे.

पहिला गिलावा अकराव्या दिवशी तडकला. मकरंदने वाळूला दोष दिला. अप्पा एवढंच म्हणाले, "तहानली असेल. परत कर." त्याने स्वतः वाळू चाळली, स्वतः धुतली, नव्या कांड्या ओतल्या, नवा गिलावा केला. पुन्हा शहाण्णव. त्याने आनंदाच्या भरात पुण्याला आपल्या मार्गदर्शक बाईंना पत्र पाठवलं की ओल न सोडणारा आणि मुळीच न आकसणारा माल हाती लागला आहे, असा निकाल आजवर कुणालाही आला नसेल. बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं. 'इतका चांगला निकाल पाहून मला काळजी वाटते.' मकरंदला ते मत्सराचं वाटलं.

आणि आज तेराव्या दिवशी, दुसऱ्या गिलाव्यावरही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडे. बोटाचं नख जाईल एवढे.

"पंधरा दिवसांनी कालव्याला पाणी सुटणार," मकरंद म्हणाला. आता त्याच्या आवाजात भांडण कमी आणि रडू जास्त होतं. "टाकं गळलं तर वाडीला काय तोंड दाखवू? सभेत छाती ठोकून बोललोय मी. त्या बायका पुन्हा दोन महिने झऱ्यावर… माझ्यामुळे. आणि तुम्ही शेंगा फोडताय!"

"दाणे हवेत?"

"नकोत!"

अप्पांनी टरफलं बाजूला सारली. त्यांखाली एक फूल होतं, सुकलेलं, गुलाबी. ते त्यांनी मकरंदच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

"फूल."

"कसलं?"

"कण्हेरीचं." मकरंदला आता या खेळाचा मनस्वी राग येत होता. "माझ्या कांड्यांवर पडलेलं असतं रोज. संध्याकाळी ब्रशने झटकतो मी."

"कांड्यांवर झाड कुठलं आहे?"

"करंज. वाऱ्याने येत असेल."

"मठात कण्हेर कुठं आहे?"

मकरंदने अंगणभर नजर फिरवली. तुळस होती, शेवगा होता, करंज होता. कण्हेर नव्हती.

"रोज किती फुलं येतात वाऱ्याने?" अप्पांनी विचारलं.

"तीन."

"रोज तीनच?"

मकरंदने फूल बोटांत फिरवून पाहिलं.

"उद्या सकाळी नऊ वाजता दगडांच्या ढिगामागं बस," अप्पा म्हणाले. "लॅपटॉप आत ठेव."

"बसून काय करू?"

"बस."

दुसऱ्या दिवशी तो बसला. पहिला अर्धा तास एक मुंगळा आणि तो, एवढेच होते. इकडे दिवस सरत चाललेत आणि आपण दगडाआड लपाछपी खेळतोय, या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. उठून जावं असं तीनदा मनात आलं.

मग झऱ्यावरून बायका आल्या. अकरा जणी, डोक्यावर भरल्या घागरी, एका रांगेत. पुढे गवराबाई, वाडीतली सगळ्यांत वडीलधारी. करंजाजवळ आल्यावर ती थांबली. तिने घागर उतरवली, कमरेला खोचलेला छोटा तांब्या काढला, घागरीत बुडवला आणि तिन्ही कांड्यांवरून सावकाश पाणी सोडलं. मग पदराच्या गाठीतली तीन फुलं काढून तिन्हींवर एकेक ठेवलं आणि हात जोडले.

मागची पुढे आली. तिनेही तांब्या ओतला. मग तिसरीने.

मकरंद ढिगामागून असा उठला की दोन दगड घरंगळत खाली गेले.

"हे काय करताय तुम्ही?"

"अगं बाई!" गवराबाईने छातीवर हात ठेवला. "साहेब, दगडामागं कशाला बसलाव?"

"ते राहू द्या! हे पाणी का घालताय?"

"का म्हंजे? तुमच्या देवाला."

"हा देव नाही!"

"मग काय हाय?"

"कांड्या आहेत! सिमेंटच्या!"

"आमचा बी दगडाचाच हाय की," गवराबाई शांतपणे म्हणाली.

बाकीच्या बायका पदराआड हसल्या. मकरंदला रडावं की ओरडावं कळेना.

"कुणी सांगितलं तुम्हाला हा देव आहे म्हणून?"

"सांगायला कशाला पायजे? बघितलं की आमी. पाटावर मांडलाव. हात धुतल्याबिगर शिवत न्हाईत. मऊ कुंचल्यानं पुसताव. म्होरं बसून वहीत लिवताव. त्या दिशी तर घटकाभर मान खाली घालून बसला व्हता, हाक मारली तर वर बगितलं न्हाई. देव नसल तर इतकं कोन बसतंय, साहेब?"

"मी वजन घेत होतो!"

"घ्या की. आमी कुठं न्हाई म्हनलं?" तिने घागर उचलून पुन्हा डोक्यावर घेतली. "पाव्हन्या मानसाचा देव, उनात कोरडा पडलेला. म्होरून भरली घागर घिऊन जायचं अन् थेंबभर द्यायचं न्हाई, बरं दिसंना. म्हनून घातलं."

रांग निघून गेली. कांड्यांवरून पाणी निथळत होतं. संध्याकाळपर्यंत फाल्गुनाचं ऊन ते वरून सुकवून टाकणार होतं, आणि आत शहाण्णव टक्के उरणार होतं, रोजच्यासारखं.

मकरंद तिथेच खाली बसला. पुण्याला ज्याचं पत्र गेलं होतं तो अजोड निकाल अकरा तांब्यांचा होता. पहिल्या गिलाव्याचाही, दुसऱ्याचाही. बायकांचं पाणी वाचावं म्हणून त्याने भिंत कोरडी ठेवली होती, आणि बायका त्याच्याच कांड्यांवर पाणी वाहत होत्या. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. आणि लाज वाटली की त्याला राग यायचा, तसा तो आलाच.

तो तडक ओट्यावर गेला.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो," अप्पा म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या. पहिल्या दिवशी गवराबाई एकटीच होती."

"मग सांगितलं का नाहीत? दोन गिलावे वाया गेले, अप्पा! महिना गेला!"

"सांगितलं की."

"कधी?"

"तहानली म्हटलं. दोन्ही वेळा. तू त्याला अध्यात्म म्हणालास."

मकरंद पाय आपटत मौलाभाईंना शोधायला गेला.

मौलाभाई आणि तो मिळून दोन दिवस जुना गिलावा खरवडत राहिले. हाताला फोड आले. आता त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं. गिलावा करायचा आणि आठ दिवस सकाळी भिंत न्हाऊ घालायची. त्या तीन कांड्या मात्र कोरड्या ठेवायच्या, म्हणजे पूड खरंच ओल धरते का ते एकदा खरं खरं कळेल. प्रश्न एवढाच होता की पाणी आणायचं कुठून. झऱ्यावरून, आणि झऱ्याचं पाणी बायकांच्या डोक्यावर.

तो स्वतः घागर घेऊन गेला. रांगेत मध्येच शिरला म्हणून दोघींनी त्याला झापलं. तासाभराने तो एक घागर घेऊन आला, तिच्यातली अर्धी वाटेत सांडलेली. उरलेली भिंतीवर मारली तर एक कोपराही धड भिजला नाही.

शेवटी त्याने बायकांना करंजाखाली थांबवलं आणि हात जोडून समजावून सांगितलं. सिमेंटला पाणी का लागतं, ते उडून गेलं की माल कसा आकसतो, आकसला की कसा तडकतो. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मधूनमधून मानाही डोलावल्या.

"तेव्हा उद्यापासून कांड्यांवर घालू नका," तो म्हणाला. "तेच पाणी भिंतीवर घाला."

गवराबाई विचारात पडली.

"देवाचं पानी भितीला?"

"देव नाही हो तो!"

"तुमी म्हनताव न्हाई. आमी महिनाभर घातलं, ते मंग काय केलं?" ती म्हणाली. "अन् साहेब, घागरीतला एक तांब्या देवाच्या वाटनीचा असतोय, त्यो कुनाला जड जात न्हाई. भितीचं काम मिस्त्रीचं. आन् तुमीच बोलला व्हता सभंत, एक घागर मागनार न्हाई म्हनून. आमी टाळ्या वाजविल्या व्हत्या."

बायका निघाल्या. जाता जाता अकरा जणींनी कांड्यांवर अकरा तांबे ओतले.

मकरंदने हातातली वही जमिनीवर आपटली.

ओट्यावरून अप्पा हे सगळं पाहत होते. "हे लोक…" मकरंद त्यांच्यापाशी येऊन म्हणाला. "काही उपयोग नाही! मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना सगळं समजलं! आणि तरीसुद्धा… तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"की तो देव नाही."

अप्पांनी निथळत्या कांड्यांकडे पाहिलं.

"हे मी कसं सांगू?" ते म्हणाले.

गिलाव्याला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी सिमेंट संपत आलं. वरचा एक पट्टा तेवढा राहिला होता. मकरंद शेवटची गोणी आणायला टेकडीखाली रस्त्यावर गेला आणि ती खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आला.

पाट रिकामा होता.

तारांची टोकं कापलेली होती आणि खोक्यातून नुसती लोंबत होती. अप्पा टाक्याच्या काठावर बसून हात धूत होते. कोपरापर्यंत सिमेंट. मौलाभाई पाठ करून थापी घासत होते. ती थापी मघाच स्वच्छ झाली होती, तरी घासत होते.

"कांड्या कुठं आहेत?"

"भिंतीत," अप्पा म्हणाले.

"कुठल्या भिंतीत?"

"टाक्याच्या."

मकरंदने गोणी टाकली आणि शिडीवरून टाक्यात उतरला. चारी बाजूंनी गिलावा ओला, करडा, एकसारखा. मौलाभाईंनी त्यावरून असा रंधा फिरवला होता की कुठे उंचवटा नाही, कुठे सांधा नाही. त्याने एक भिंत पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली.

"मौलाभाई! कुठं घातल्या?"

"सांध्यात खोबनी व्हत्या, साहेब," मौलाभाई थापीकडे बघत म्हणाले. "भरायलाच पायजे व्हत्या."

"कुठल्या सांध्यात?"

"अप्पांनी बोलू नका म्हनलंय."

मकरंद टाक्याच्या तळाशी उभा राहून ओरडला. दोन वर्षांचं काम. सेन्सर कॉलेजचे. त्याला या मठात येण्याची दुर्बुद्धी कुठून झाली, मोजमाप म्हणजे काय हे या टेकडीवर एकाही माणसाला ठाऊक नाही, आणि सगळ्यांत कमी ठाऊक आहे ते ज्यांच्या पाया पडायला आलो त्यांना! टाक्यात आवाज घुमला आणि शेवटची तीन वाक्यं त्याला परत ऐकू आली.

अप्पांनी पंच्याला हात पुसले.

"शेवटचा पट्टा राहिलाय," ते म्हणाले. "माल वाळतोय."

तो पट्टा मकरंदने लावला, दात-ओठ खात. गिलाव्यावर ओली गोणपाटं टाकली. मग खोलीत जाऊन बॅग भरली. सकाळी नऊच्या सुमाराला बॅग खांद्याला लावून तो बाहेर पडला, अप्पांना नमस्कार करायचा नाही असं पक्कं ठरवून.

टाक्याभोवती बायका जमल्या होत्या.

"अप्पा," गवराबाई विचारत होती, "देव कुटं गेला?"

"भिंतीत बसवला."

"कोनच्या भितीत?"

अप्पांनी हात उचलला आणि टाक्याभोवती एकदा गोल फिरवला. मग हात खाली घेतला.

बायकांनी चारी भिंतींकडे पाहिलं. एकमेकींकडे पाहिलं.

"म्हंजे ह्या हितं आसंल, न्हाईतर तितं," गवराबाई पुटपुटली. "एक जागा सोडली अन् नेमका तितंच आसला, तर? मंग सगळीकडंच घालावं लागंल की ओ!"

तिने तांब्या काढला, भिंतीच्या लांबीकडे पाहिलं आणि तो परत कमरेला खोचला. मग घागरच कलती केली. काठावरून हळूहळू पुढे सरकत तिने अर्धी घागर भिंतीवर सोडली. जिथे तिची संपली तिथून दुसरीने धरली. दुसरीची संपली तिथून तिसरीने. पाणी गोणपाटावरून ओघळत तळाला गेलं आणि तळही भिजला. अकराव्या बाईची घागर शेवटच्या कोपऱ्यात पोहोचली, तेव्हा गवराबाई म्हणाली, "ह्या कोपऱ्याला कमी पडलं. उद्या शेवंतीला बी आना, तिच्या सुनंला बी."

मकरंदच्या खांद्यावरून बॅग कधी उतरली ते त्याला कळलं नाही. एका ठिकाणी गोणपाट सरकलं होतं. तो शिडी लावून खाली गेला आणि त्याने ते नीट केलं.

दुसऱ्या दिवशी एकोणीस जणी आल्या. चौथ्या दिवशी सगळी वाडी. झऱ्यावर रांग लांबली, बायका पहाटे लवकर उठल्या, आणि कुणीही मकरंदला बोल लावला नाही. देवासाठी उठल्या होत्या.

आठव्या दिवशी मौलाभाईंनी चारी भिंतींवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. त्यांनी काहीही न बोलता विडी पेटवली आणि एक मकरंदला दिली. तो ओढत नव्हता. तरी घेतली.

कालव्याला पाणी सुटलं. पंप तीन दिवस धडधडला. टाकं भरलं. मकरंदने पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूची रेघ मारली आणि एक दिवस, एक रात्र काठावरून हलला नाही. पाणी रेघेलाच होतं.

वैशाख निम्मा झाला. साठ घरं टाक्याचं पाणी पीत होती, झऱ्यावर फक्त शेळ्या जात होत्या. पाणी जसजसं खाली उतरे तसतशी वरची भिंत उघडी पडे, आणि बायका घागर भरण्याआधी त्या उघड्या भिंतीवर चारी बाजूंनी पाणी शिंपडत. एकही तडा नव्हता.

मकरंदची जायची वेळ झाली. बॅग ओट्यावर, खोकं बॅगेशेजारी. तारा तशाच कापलेल्या. अप्पा आज लसूण सोलत होते.

"टाकं झालं," मकरंद म्हणाला.

"झालं."

"तुम्ही म्हणाला होतात, टाकं झालं की बोलू."

"बोल."

मकरंदचा बांध फुटला.

"उपदेश राहू द्या, अप्पा! मला तो नको. मला पुण्याला जाऊन काय सांगायचं ते सांगा. बाई विचारतील, नमुने कुठं आहेत? मी काय सांगू, हरवले? भिंत टिकली ती पुडीमुळे का पाण्यामुळे, हे मला ठाऊक नाही. आत ओल किती आहे, ठाऊक नाही. कुठं किती आकसलं, ठाऊक नाही. मला या भिंतीबद्दल काहीही ठाऊक नाही, आणि ती उभी आहे!"

अप्पांनी पुढची पाकळी सोलायला घेतली.

"भिंत फोडणार नाही मी. शपथ. पुढच्या वर्षी टाकं रिकामं झालं की नवी तार जोडून बघेन, एवढंच." त्याने खिशातून खडू काढला. "त्या तीन जागा तेवढ्या दाखवा. वर काठावर बारीकशी खूण करतो. कुणाला दिसणारही नाही."

टाक्याकडून पाणी शिंपडल्याचा आवाज येत होता. कुणीतरी त्या कोपऱ्याला कमी पडलं म्हणून सुनेला ओरडत होतं.

अप्पांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. हात पुढे करून मकरंदच्या बोटांतला खडू काढून घेतला.

"खूण करू नकोस," ते म्हणाले. "बाकीची भिंत कोरडी पडेल."